चाप ओढणारा आणि विहीर खणणारा

पणदऱ्याच्या जत्रेत लहानपणी पाहिलेल्या एका वगाची गोष्ट आधी सांगतो. वगात फौजदार होता आणि त्याच्या हातात लाकडी पिस्तूल. फौजदार चाप ओढल्यासारखे करायचा आणि त्याच क्षणी कनातीमागे बसलेला पोरगा गंधक-पोटॅश भरलेली लोखंडी नळी दगडावर आपटायचा. बार असा निघायचा की पुढच्या रांगेतल्या बाया कानांवर हात ठेवायच्या. एका रात्री ती नळीच फुटली. पोरगा आमच्याच मोहल्ल्यातला, तेरा-चौदा वर्षांचा. अंगठा आणि त्याशेजारचे बोट गेले. वग थांबला नाही, कारण लोकांना वाटले बार जरा जोरात निघाला एवढेच.

सकाळी फड पुढच्या गावाला निघून गेला. मोहल्ल्यात जो तो म्हणत होता की पोरानेच पोटॅश जास्त भरले, त्याच्या नशिबातच होते. अब्बा मात्र सगळ्यांना एकच विचारत राहिले, "नळी कुणी दिली त्याला?" उत्तर कुणी दिले नाही. दादी म्हणाली, आता ते विचारून बोट परत येणार आहे का?

हा प्रसंग मला २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आठवला. २१ तारखेला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर अभिनेता अॅलेक बाल्डविन याच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली. छायाचित्रणकार हलिना हचिन्स मरण पावली, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाला. सेटवर खोटी काडतुसे असायला हवी होती, त्यांत खरी मिसळली होती. शस्त्र हाती देताना सहायक दिग्दर्शकाने ते रिकामे असल्याचे पुकारले होते. पुढे या सहायक दिग्दर्शकाने शिक्षा मान्य केली आणि त्याला सहा महिन्यांची परिवीक्षा मिळाली. शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीला, ज्यांना तिकडे आर्मरर म्हणतात, २०२४ मध्ये १८ महिन्यांची कैद झाली. बाल्डविनवरचा खटला त्याच वर्षी जुलैमध्ये मध्येच रद्द झाला, कारण सरकारी पक्षाने काही पुरावा बचाव पक्षापासून लपवला होता. म्हणजे चाप ओढणाऱ्याचा निकाल लागलाच नाही. पण नळी कुणी दिली, हा प्रश्न तिथल्या कोर्टात विचारला गेला आणि त्याचे उत्तरही मिळाले.

नेहमी असे होत नाही. ३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो'च्या सेटवर ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली गेला, तेव्हा कुणावरही फौजदारी खटला भरला गेला नाही. तो अपघात समजून घेण्यासारखा आहे. रिव्हॉल्व्हर जवळून दाखवायचे तर त्यातली काडतुसे खरी दिसायला हवीत. म्हणून खऱ्या काडतुसांतली दारू काढून टाकली आणि गोळी पुन्हा बसवली, पण मागची टोपी तशीच राहिली. त्यातले एक कधीतरी उडाले. टोपीच्या एवढ्याशा जोराने गोळी सुटली आणि नळीतच अडकली. नळी कुणी तपासली नाही. पुढच्या दृश्यासाठी त्याच हत्यारात बिनगोळीचे काडतूस भरले. त्याची दारू पूर्ण ताकदीची होती आणि तिने अडकलेली गोळी बाहेर फेकली. शस्त्रतज्ज्ञाला त्या दिवशी आधीच घरी पाठवलेले होते. चाप ओढणाऱ्या नटाला यातले काहीच ठाऊक नव्हते. ज्याने कोकणात ठासणीची बंदूक पाहिली असेल, त्याला हे लगेच कळेल. नळीत गज घालून पाहिल्याशिवाय जुना शिकारी बंदूक खांद्याला लावत नाही.

आपल्याकडे बंदुकीऐवजी हात, आग, पाणी आणि तटबंदी यांनी माणसे गेली, आणि आपण त्यांच्या कथा केल्या. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवारांना मारलेली थप्पड इतकी जोरात बसली की चेहऱ्याला पक्षाघात झाला. तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका होणारी येवल्याची ही मुलगी पुढे खाष्ट सासू झाली, आणि आपण तिच्या त्या डोळ्याचे कौतुक करत राहिलो. १९५७ च्या 'मदर इंडिया'त मेहबूब खानांच्या सेटवरची आग हाताबाहेर गेली, सुनील दत्तने नर्गिसला बाहेर काढले. ती आठवण प्रेमकहाणी म्हणूनच उरली. १९८२ मध्ये बेंगळुरूत 'कुली'च्या मारामारीत अमिताभ बच्चन मरणाच्या दारात गेला. मंदिरांत आरत्या झाल्या, मशिदींत दुआ मागितल्या गेल्या. राग सगळा पुनीत इस्सरवर निघाला. त्याला पुढे बरीच वर्षे काम मिळेना, असे त्यानेच सांगितले आहे. चित्रपटात तो ठोसा गोठवून दाखवला आहे, म्हणजे प्रेक्षकाला हात नीट दिसावा. ते दृश्य कुणी बसवले, तालीम किती झाली, टेबल तिथे कुणी ठेवले, यांपैकी काहीच त्या चौकटीत दिसत नाही.

८ फेब्रुवारी १९८९ रोजी मैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' मालिकेच्या सेटवर आग लागली. लग्नाचे दृश्य होते, फटाके होते, भिंतींना गोणपाट लावलेले होते, आणि आग विझवायला वाळू आणि पाण्याच्या बादल्या. साठच्या आसपास माणसे जळून गेली. संजय खान वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात होते. ही मालिका आम्ही मुसलमान घरांत किती अभिमानाने पाहिली! त्या साठ जणांतल्या एकाचेही नाव मला सांगता येत नाही, आणि मला वाटते वाचकालाही येणार नाही.

इथे फिक्हचा विषय काढावा लागतो, कारण या प्रश्नावर आपल्याकडे फार जुना विचार पडून आहे आणि आपण तो मदरशाबाहेर आणतच नाही. चुकून झालेल्या हत्येला 'कत्ल-ए-खता' म्हणतात. शिकारीवर नेम धरला आणि माणसाला लागले, हे तिचे नेहमीचे उदाहरण. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीने अशा हत्येवर प्रायश्चित्त सांगितले आणि वारसांना दियत, म्हणजे रक्ताची भरपाई. चूक झाली म्हणून देणे संपत नाही. पण हनफी फकीह याच्या पुढे गेले. (कोकणातले आपले भाई शाफई आहेत, आम्ही देशावरचे हनफी, म्हणून मी हनफी मांडणीच सांगतो.) बाराव्या शतकातल्या मरगिनानींच्या 'हिदाया'त आणखी एक प्रकार आहे, 'कत्ल बिस्सबब'. एखाद्याने आपल्या मालकीच्या नसलेल्या जागेत विहीर खणली किंवा दगड ठेवला, आणि दुसरा त्यात पडून किंवा अडखळून मेला. खणणाऱ्याने कुणाला हात लावलेला नाही. तो तिथे हजरही नसेल. तरी दियत लागू.

आणि ती दियत एकट्याने भरायची नसते. ती 'आकिला'वर येते. आकिला म्हणजे पूर्वी कबिला. पण ज्याचे नाव लष्करी दिवाणाच्या नोंदवहीत आहे, त्याचा आकिला म्हणजे त्याच दिवाणातले लोक, असे हनफी मत आहे. एका वहीतून पगार घेणाऱ्यांच्या वेतनातून तीन वर्षांत ही रक्कम वसूल व्हायची. पगाराची वही एक, तर जबाबदारीही एक. या व्यवस्थेचे दोष मला दिसतात. बाईची दियत पुरुषाच्या निम्मी धरली गेली, हे मी सोडून देणार नाही. पण विहीर खणणाऱ्याला नाव देणारा कायदा होता, एवढे मान्य करावे लागेल.

इंग्रजी कायद्यात हा माणूस हळूहळू दिसेनासा झाला. १८६० च्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने होणाऱ्या मृत्यूचे वेगळे कलम नव्हते. ३०४-अ हे कलम १८७० मध्ये आले, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी त्याचा अर्थ लावला: मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे, मध्ये दुसऱ्याच्या चुकीचा हात नको. १९६० च्या दशकात हेच सूत्र सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका रंगकारखान्याला लावले. खटला कुर्बान हुसेन मोहम्मदअली रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य. परवाना फक्त थंड प्रक्रियेचा होता, तरी जिथे टर्पेंटाइन आणि वार्निश ठेवले होते त्याच खोलीत चार बर्नर पेटत होते. आग लागली आणि सात कामगार मेले. न्यायालय म्हणाले, आगीचे थेट कारण एका कामगाराने टर्पेंटाइन घाईने ओतणे हे आहे. व्यवस्थापक ३०४-अ मधून सुटला. आगीबाबत हयगय केल्याचे २८५ कलम तेवढे राहिले, ज्याची शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा हजार रुपये दंड. तुरुंगात टाकायचे तर थेट संबंध हवा, हे सूत्र चूक म्हणता येत नाही. पण त्या खोलीत गोणपाट आणि फटाके ठेवून पाहिले, की मैसूर दिसू लागते.

आकिलाच्या जवळ जाणारा कायदा मात्र इंग्रजांनीच केला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे पुरत असे, आणि ठेकेदाराने आणलेल्या माणसाचे देणेही मूळ मालकावर येत असे. १९८१ मध्ये सिनेकामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यात लेखी कराराची सक्ती होती. लाइटमन, घोडेवाले, गर्दीतली माणसे यांच्यापैकी किती जणांच्या हातात असा कागद असतो, हे आपल्या गावातून मुंबईला गेलेल्या कुणालाही विचारावे.

मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर 'वेडात मराठे वीर दौडले सात'च्या चित्रीकरणासाठी घोडे सांभाळायला आलेला १९ वर्षांचा मुलगा रात्री तटावरून पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयात गेला. बातमीत आले, तो फोनवर बोलत होता. एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुलीला 'राजा शिवाजी'च्या गाण्यानंतर एक तरुण नर्तक अंगावरचा रंग धुवायला कृष्णेत उतरला आणि बुडाला. बातमीत आले, त्याला पाण्याचा अंदाज आला नाही. दोन्ही बातम्यांत शेवटची कृती मेलेल्याचीच होती, पोटॅश जास्त भरणाऱ्या आमच्या पोरासारखी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ३०४-अ ची जागा घेतली आहे आणि शिक्षा दोनाची पाच वर्षे झाली आहे. ती कुणाला लागू व्हायची, याचे सूत्र अजून १९०२ चेच आहे.

आमच्या मोहल्ल्यातला तो पोरगा आता पन्नाशीला आला. मोडावर सायकल-मोटारसायकलचे पंक्चर काढतो. पान्हा तीन बोटांत धरतो आणि नवे गिऱ्हाईक हाताकडे बघू लागले, की स्वतःच सांगतो, "नाटकात काम करत होतो."