युरिदमिक्स

युरिदमिक्स ही शारीरिक हालचालींतून संगीत शिकवण्याची पद्धती होय. स्विस संगीतकार व शिक्षक एमिल जाक-डालक्रोझ (६ जुलै १८६५ – १ जुलै १९५०) यांनी ती विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केली. स्वरवाचन आणि उत्स्फूर्त वादन ही तिची अन्य दोन अंगे आहेत.

उगम

डालक्रोझ १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात स्वरसंवादाचे अध्यापन करीत. विद्यार्थ्यांना नियम मुखोद्गत असत. मात्र कागदावर लिहिलेले संगीत त्यांना मनातल्या मनात ऐकू येत नसे आणि वादनात लयही टिकत नसे. लयीची जाण आधी स्नायूंना व्हावी लागते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९११ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनजवळ हेलेराउ येथे त्यांच्या पद्धतीसाठी स्वतंत्र वास्तू उभी राहिली. पहिल्या महायुद्धामुळे तेथील कार्य खंडित झाले व १९१५ मध्ये जिनिव्हात संस्था स्थापन झाली.

अध्यापन

वर्गात बाके नसतात. शिक्षक पियानोवर ऐनवेळी सुचेल ते वाजवतो आणि मुले त्यावर चालतात, धावतात, उड्या मारतात. लहान मुलांची चाल मोठ्यांपेक्षा जलद असते. म्हणून शिक्षक प्रथम मुलाच्या पावलांशी आपली लय जुळवतो आणि मगच ती बदलू लागतो. ठरलेल्या इशाऱ्यावर थबकणे किंवा दुप्पट गतीने चालणे हे नेहमीचे पाठ. पुढच्या टप्प्यावर नुकतेच ऐकलेले आवर्तन पावलांनी दाखवीत असतानाच पुढील आवर्तन ऐकून ठेवावे लागते. हा पाठ दिसतो त्याहून पुष्कळ कठीण आहे. स्वरचिन्हांची नावे या अनुभवानंतर सांगितली जातात.

परस्परसंवादी तंत्रज्ञान

ब्रिटिश संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी तयार केलेले ‘साउंडबीम’ हे उपकरण श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हालचाल टिपून तिचे नादात रूपांतर करते. ज्याला केवळ मान हलवता येते, असे मूलही त्यामुळे वादन करू शकते; विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणात त्याचे मोल मोठे आहे. इटलीतील जिनोआ विद्यापीठाची ‘आयजवेब’ ही संगणकप्रणाली कॅमेऱ्याच्या चित्रांवरून हालचालीचे विश्लेषण करते.

येथे मूळ क्रम उलटतो. डालक्रोझच्या वर्गात नाद पुढे आणि शरीर मागे असते. उपकरणासमोर शरीर नाद निर्माण करते. हात कसाही हलवला तरी काहीतरी वाजतेच, त्यामुळे मूल ऐकण्याचे थांबवू शकते. थकलेल्या मुलासाठी लय संथ करणारा शिक्षक म्हणूनच आवश्यक राहतो. हालचाल व नाद यांत जाणवण्याइतका विलंब असल्यास असे साधन लयीच्या अभ्यासास निरुपयोगी ठरते.