गाडीत महागडे स्पीकर बसवले, तरी ट्विटर का जळतो? समजून घ्या क्रॉसओव्हरचं गणित

नवीन गाडी घेतली की जालन्यात काय किंवा अंबड, भोकरदनमध्ये काय, पहिला खर्च ठरलेला असतो. सीट कव्हर आणि साउंड सिस्टीम! समृद्धी महामार्गावर लांबचा प्रवास करायचा तर गाणी हवीतच. पण अनेकदा होतं असं की, स्पीकर महागाचे घेतले, आवाजही मोठा झाला, तरी गाणं कानाला टोचतं. काही दिवसांत वरचा छोटा स्पीकर बंदच पडतो.

यामागे बहुतेक वेळा एका छोट्या डब्याचा प्रश्न असतो. त्याचं नाव क्रॉसओव्हर.

क्रॉसओव्हर म्हणजे नेमकं काय?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ढोलाचा दणका खालच्या फ्रिक्वेन्सीचा, तर झांजेचा झणकार वरच्या. एकच स्पीकर हे सगळं नीट वाजवू शकत नाही. म्हणून कंपोनंट सेटमध्ये दोन स्पीकर असतात. दारात बसणारा मोठा वूफर आणि वर डॅशबोर्डजवळ बसणारा छोटा ट्विटर. (हा ट्विटर म्हणजे ‘एक्स’ नव्हे!)

कोणता आवाज कुणाकडे पाठवायचा, ही वाटणी क्रॉसओव्हर करतो. त्याच्या आत मुख्यतः दोन गोष्टी असतात. कपॅसिटर खालच्या फ्रिक्वेन्सी अडवतो, म्हणून तो ट्विटरच्या वाटेवर असतो. तांब्याच्या तारेची कॉइल वरच्या फ्रिक्वेन्सी अडवते, म्हणून ती वूफरच्या वाटेवर असते.

उदाहरण घ्या. ४ ओहमच्या ट्विटरला ४,००० हर्ट्झच्या वरचाच आवाज द्यायचा असेल, तर साधारण १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तोच कपॅसिटर ८ ओहमच्या ट्विटरला लावला, तर ही सीमा २,००० हर्ट्झवर घसरते. म्हणूनच एका सेटचा क्रॉसओव्हर दुसऱ्या सेटला जोडू नये.

ट्विटर का जळतो?

ट्विटरच्या आतली तार अतिशय बारीक असते. बेसची ताकद थेट तिच्यात गेली, तर ती तापते आणि तुटते. क्रॉसओव्हर नसेल किंवा वूफर आणि ट्विटरच्या वायरी उलट जोडल्या असतील, तर हेच घडतं. शिवाय आवाज फुल करून फाटू दिला, तर क्रॉसओव्हर असूनही ट्विटर जळू शकतो. कारण फाटलेल्या आवाजात वरच्या फ्रिक्वेन्सी वाढतात.

वायरिंग कसं करायचं?

१. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

२. म्युझिक सिस्टीम किंवा अ‍ॅम्पमधून येणारी वायर क्रॉसओव्हरच्या ‘इनपुट’ला जोडा. तिथून ‘वूफर’ आणि ‘ट्विटर’ लिहिलेल्या टोकांवरून वेगवेगळ्या वायरी काढा. डाव्या-उजव्या बाजूला एकेक क्रॉसओव्हर लागतो.

३. प्लसला प्लस, मायनसला मायनस. एका बाजूचा वूफर उलटा जोडला गेला, तर दोन्ही वूफर एकमेकांचा बेस मारतात. शंका असेल तर वूफरच्या वायरी सिस्टीमपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस वूफरच्या प्लसला असेल, तर पडदा बाहेर येतो. ट्विटरवर मात्र हा प्रयोग करू नका.

४. स्पीकरचा मायनस गाडीच्या बॉडीला कधीही जोडू नका. आजच्या बहुतेक सिस्टीममध्ये त्यामुळे आउटपुटच उडू शकतं.

५. कंपनीची वायर कापण्याऐवजी त्या गाडीचा कपलर वापरा. वायर कापल्यास वॉरंटीचा वाद होऊ शकतो.

६. वेगळा अ‍ॅम्प लावणार असाल, तर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. वायर घासून शॉर्ट झाली आणि फ्यूज नसेल, तर गाडी पेट घेऊ शकते.

डबा बसवायचा कुठे?

दाराच्या आत जागा असते, पण पावसाचं पाणी काचेवरून तिथेच उतरतं. त्यामुळे डॅशबोर्डच्या खाली किंवा सीटखालची कोरडी जागा बरी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते आणि उष्णतेने काही प्रकारचे कपॅसिटर लवकर खराब होतात. म्हणून थेट ऊन लागेल अशी जागा टाळा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. काही गाड्यांमध्ये पुढच्या काचेशेजारच्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असते. ट्विटरची वायर तिच्या आडवी गेली, तर अपघाताच्या वेळी एअरबॅग नीट उघडणार नाही. तिथे हात घालण्याआधी गाडीचं मॅन्युअल नक्की पाहा.

शेवटची सेटिंग

ट्विटर टोचत असेल, तर अनेक क्रॉसओव्हरवर ० आणि उणे ३ डेसिबलचा पर्याय असतो. तो उणे ३ वर करून बघा. वेगळा सबवूफर असेल, तर दारातल्या स्पीकरसाठी हाय पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. दाराचा थरथराट लगेच कमी होतो.

आणि आवाज कितीही छान लागला, तरी मागून येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येईल इतकाच ठेवा.