बडोदा हाऊस, कलाभवन आणि अभियंते घडविणारा पैसा

राजधानीत वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसास कस्तुरबा गांधी मार्ग अपरिचित असणे शक्य नाही. कनॉट प्लेसपासून निघून इंडिया गेटकडे जाणाऱ्या ह्या रस्त्यावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन उघडले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातून येणाऱ्यांची पावले आपसूकच इकडे वळू लागली. परंतु त्याच्या कितीतरी आधी ह्याच मार्गावर एका मराठी राजकुलाचे घर उभे राहिले होते, ह्याचे स्मरण आज फार थोड्यांस आहे. इंडिया गेटनजीकचे बडोदा हाऊस हे ते घर. नव्या दिल्लीचे शिल्पकार एडविन ल्युटेन्स ह्यांनी त्याचा आराखडा केला. पुढे संस्थाने विलीन झाली आणि ह्या प्रासादात उत्तर रेल्वेचे मुख्यालय आले. गायकवाडांच्या दिवाणखान्यात रेल्वेच्या अभियंत्यांनी बसावे, हा निव्वळ योगायोग असेल. तथापि ज्या राजाचे हे घर, त्याने अभियंते आणि तंत्रज्ञ घडावेत म्हणून आपल्या खजिन्यातील पैसा कोणत्या रीतीने वेचला, हे सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने आठवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. शेतकरी घरातील हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि १८८१ च्या अखेरीस त्याच्या हाती राज्याची सूत्रे आली. १८८७ पासून महाराजांनी युरोपच्या वाऱ्या सुरू केल्या. तेथील वैभवामागे शाळा आहेत, कर्मशाळा आहेत आणि कारागिराच्या हाताला मिळालेली शास्त्राची जोड आहे, हे त्यांनी नीट पारखून घेतले. संस्थानिकांच्या ह्या परदेशगमनाला आळा घालणारे परिपत्रक लॉर्ड कर्झन ह्यांनी १९०० साली काढले आणि महाराजांना ते मनस्वी झोंबले. पुढे नव्या राजधानीत महाराजांचे घर ज्या रस्त्यावर बांधले गेले, त्याला नाव मिळाले कर्झन रोड! स्वातंत्र्यानंतर तोच कस्तुरबा गांधी मार्ग झाला. न्यायाची बाब म्हणून हेही नमूद केले पाहिजे, की परदेशी तांत्रिक शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या कर्झन ह्यांच्याच कारकिर्दीत, १९०४ साली, सुरू झाल्या.

शिष्यवृत्ती ही मोलाची गोष्ट होय. म्हैसूरच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी पुढे खडकवासल्यास स्वयंचलित दरवाजे बसविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता सिद्ध झालेल्यास. ज्याच्या अंगचा गुण अजून त्याला स्वतःलाही ठाऊक नाही, अशा मुलाचे काय? ज्याने यंत्र उघडून पाहिलेलेच नाही, त्याला यंत्राची ओढ कोठून लागावी?

ह्या प्रश्नाचे बडोद्याचे उत्तर म्हणजे १८९० साली स्थापन झालेले कलाभवन. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतारकुळातील, रसायनशास्त्राचे एम. ए. आणि जन्मसाल पाहता महाराजांचे समवयस्क. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर ज्यांनी आपल्या रसायनविद्येने काढून दाखविले, ते हेच गज्जर. कारागिराच्या मुलापर्यंत शास्त्र पोहोचवायचे तर ते त्याच्या भाषेतूनच पोहोचविले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. रंगकाम व कापडछपाई, विणकाम, यंत्रशास्त्र, वास्तुकला, चित्रकला असे विषय कलाभवनात एका छपराखाली नांदत. संस्थानने नुसत्या इमारतीवर पैसा घातला नाही. शिक्षक, हत्यारे आणि प्रयोगशाळा ह्यांचा वर्षानुवर्षांचा खर्च उचलला, आणि आमच्या मते खरे मर्म येथेच आहे.

त्याचे फळ कसे आले, ह्याचे एक उदाहरण पुरेसे व्हावे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १८९० साली कलाभवनात आले ते चित्रकला शिकण्यास. तेथे त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला. गज्जरांनी त्यांना कलाभवनाची छायाचित्रण-प्रयोगशाळा वापरू दिली आणि ठसे बनविण्याची विद्या शिकण्यास रतलामला धाडले. ह्या तरुणाच्या उद्योगातून काय निघेल, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते. १९१३ साली त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला! गज्जर १८९६ साली बडोदे सोडून मुंबईस गेले, तरी बडोद्याशी त्यांचे नाते तुटले नाही. १९०७ साली कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन ह्यांच्यासह त्यांनी तेथे अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना काढला. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत समाविष्ट झाले.

राजाश्रय नसला तर हे घडू शकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या प्रसंगाला साजेसा दाखला मुंबईचा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली त्या १८८७ साली, त्या सुवर्ण महोत्सवाची खूण म्हणून मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तिला भायखळ्याची जागा दिली ती गिरणीमालक सर दिनशा पेटिट ह्यांनी. आज ती वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करते. महोत्सवातील रोषणाई केव्हाच विझली. ही शाळा मात्र टिकली. तेथे यंत्ररेखनाचे अध्यापन करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे बेळगावात लोखंडी नांगराच्या खटपटीस लागले आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

आणि ज्यांच्यापाशी गिरण्याही नव्हत्या, त्यांनी काय केले? अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी वर्षाकाठी एक पैसा मागितला! लोकमान्यांनी ‘केसरी’तून त्यांच्या पैसाफंडाची पाठराखण केली. पैशापैशाने साठलेल्या ह्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे व्यवस्थापक म्हणून लाभले. नफा मिळविणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. भट्टीपाशी उभे राहून तरुणांनी काच ओतावयास शिकावे, हा होता. तेथे तयार झालेले हात पुढे देशातील इतर काचकारखान्यांत गेले.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१६ साली नीती आयोगाने अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आणली. निवडलेल्या शाळेला २० लक्ष रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि अशा प्रयोगशाळांची संख्या १०,००० च्या घरात गेली आहे. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत शालेय मुलाच्या कल्पनेचा नमुना बनविण्यास १०,००० रुपये दिले जातात. तेव्हा पैसाच नाही, ही तक्रार पूर्वीइतकी खरी उरलेली नाही. परंतु यंत्रे विकत घेता येतात, गज्जर विकत घेता येत नाहीत. शाळा सुटल्यावर कुलूप उघडून मुलाजवळ बसणारा, त्याचा फसलेला प्रयोग पाहून न रागावणारा आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस असल्याखेरीज प्रयोगशाळा म्हणजे कपाटातली शोभा होय.

येथे मराठी मंडळींना करण्याजोगे काम आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते. दिल्लीतील आपल्या समाजात रेल्वे, बांधकाम, वीज, दूरसंचार अशा खात्यांत उभा जन्म घालविलेले निवृत्त अभियंते घरोघर आहेत. महोत्सवाच्या निमित्ताने जमलेल्या निधीचा काही भाग बाजूस काढून त्यातून हत्यारांची एक पेटी, एक खोली आणि दर रविवारी दोन तास एवढी सोय झाली, तरी आरंभ होईल. गुणपत्रिका मागू नये. मूल कोणाचे, हेही विचारू नये. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचा मुलगा आला तर त्यालाही पान्हा हाती द्यावा. आणि हा खर्च एका वर्षाचा न ठेवता निदान दहा वर्षांचा ठरवावा, कारण वर्षभरात फळ मागणाऱ्याने कलाभवनही बंद केले असते.

सयाजीराव महाराजांपाशी खजिना होता, काळ्यांपाशी केवळ झोळी होती. आपली ऐपत ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. तेव्हा सबब सांगण्यास आपल्याला जागा नाही. मंडळाच्या पुढील स्मरणिकेत ह्या खोलीचा जमाखर्च छापला जावा आणि तेथे येऊन गेलेल्या मुलांची हकिकत त्यांच्याच हातची वाचावयास मिळावी, एवढीच आमची इच्छा आहे.