औरंगाबाद : २४ बाइट

औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्याची डीटीपीची खोली मी १९९६ पासून सांभाळली. लग्नसराईत पत्रिकांची रीघ लागायची. 'चि. सौ. कां.'मधला एक अनुस्वार राहिला तरी मुलीचे वडील प्रूफ हातात धरून दारात उभे. पण त्याच पत्रिकेची फाइल मात्र रोमन अक्षरांत 'लग्न' आणि पुढे आकडा. याचं मला कायम वाईट वाटे.

डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं, तीही रोमन. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्डाने देवनागरी पडद्यावर आणली होती, भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली होती. विंडोजवरच्या मराठी फाँटांनी मात्र वेगळी वाट धरली : इंग्रजी अक्षराच्या घरात 'क'चं चित्र बसवायचं. पानावर मराठी दिसे. पण फाइलच्या नावाला आपला फाँट लावता येत नसे, तिथे उमटत ती निरर्थक रोमन अक्षरं.

विंडोज २००० ने युनिकोड देवनागरी आणली. आमचा सर्व्हर लिनक्सवर होता आणि फाइली वाटायला सांबा, ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतलेला. जुना सांबा नावं डॉसच्या कोडपेजमधून नेई. त्यात घरं २५६, देवनागरीला एकही नाही. मी हौसेने 'औरंगाबाद' नावाचं फोल्डर सर्व्हरवर टाकलं, ते गेलंच नाही. २००३ मध्ये सांबा ३.० आला आणि नावं युनिकोडमधून जाऊ लागली. सांबाच्या सेटिंगांत 'युनिक्स कॅरसेट'समोर यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहायची पद्धत, आहे ना, हे मी दोनदा पाहिलं, सांबा पुन्हा सुरू केला आणि शेजारच्या मशीनवर जाऊन तेच नाव मराठीत वाचलं. त्या दिवशी खोलीत सगळ्यांना चहा पाजला.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, काना आणि अनुस्वारसुद्धा वेगळे मोजून. 'औरंगाबाद' म्हणजे ८ खुणा, २४ बाइट. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, तसं फोल्डरचंही : 'छत्रपती संभाजीनगर', मधल्या मोकळ्या जागेसह ४९ बाइट. लिनक्सवर एका नावाला बहुधा २५५ बाइटच मिळतात, म्हणजे मराठीत ८५ खुणा. लांब नावं देताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

सगळ्यात जास्त छळलं ते आपल्या 'ऱ'ने. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच खूण, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. जुन्या मॅकची डिस्क दुसरी तऱ्हा ठेवायची. एका गिऱ्हाइकाच्या मॅकवरून फाइली आल्या आणि 'औरंगपुऱ्यातील दुकाने' या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी दिसू लागल्या. लिनक्स फक्त बाइट जपतो, त्याच्या लेखी ती दोन नावं. फाइलींच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारा 'कन्व्हएमव्ही' चालवून सगळे 'ऱ' एका तऱ्हेचे केले, तेव्हा गोंधळ मिटला.

अडचण मिटून वीस वर्षं झाली, तरी डीटीपीवरची मुलं अजून 'लग्न' रोमनमध्येच टंकतात. त्यांना माझी विनंती आहे : पुढच्या पत्रिकेच्या फाइलला वधूवरांची नावं द्या, मराठीत, काना-मात्रेसकट.