चीनमधील खेडें व शहर



आजच्या चीनचें नांव निघालें म्हणजे गगनचुंबी इमारती, वेगवान आगगाड्या आणि जगाच्या बाजारपेठा भरून टाकणारा माल हींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात. तीं खोटीं नाहींत. परंतु हें वैभव ज्या हातांनीं उभारलें, त्या हातांचा इतिहास जाणून घ्यावयाचा तर एका लहानशा वहीकडे पाहिलें पाहिजे. चीनमध्यें प्रत्येक कुटुंबाच्या नांवें सरकारी नोंदीची अशी वही असते. या नोंदणीच्या पद्धतीला तिकडे 'हुकौ' म्हणतात. घरांत माणसें कोण, आणि तीं कोणत्या ठिकाणचीं, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. वरवर पाहतां ही शिरगणतीची क्षुल्लक बाब वाटेल. पण कोट्यवधि माणसांचें अन्न, काम आणि त्यांच्या मुलांची शाळा या एका नोंदीवर अवलंबून राहिलेली आहे.

घराण्यांची नोंद ठेवण्याची चाल चीनमध्यें पुरातन आहे. करवसुली व सैन्यभरती यांकरितां बादशहांचे अधिकारी ती ठेवीत. १९४९ सालीं साम्यवादी पक्षाची सत्ता आल्यावर मात्र तिला निराळेंच स्वरूप आलें. १९५० च्या कायद्यानें जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटण्यांत आल्या. पण त्या त्यांच्या हातीं फार काळ टिकल्या नाहींत. नव्या राज्यकर्त्यांना पोलादाचे व यंत्रांचे कारखाने हवे होते, आणि त्यांसाठीं लागणारें भांडवल शेतींतूनच काढावयाचें होतें. १९५३ पासून धान्याची खरेदी सरकारनें आपल्या हातीं घेतली व भाव स्वतः ठरविला. धान्य स्वस्त घेतल्यावर शेतकरी नांगर सोडून शहराकडे धांवणार, हें उघडच होतें. त्याला अडविण्यासाठीं जानेवारी १९५८ मध्यें नोंदणीचा कायदा झाला. शहरी नोंद असलेल्याला शिधा, नोकरी व घर यांची हमी मिळाली. खेडुताला मिळाली ती जमिनीशीं जखडलेली सामुदायिक शेती. शिवाय ही नोंद १९९८ पर्यंत आईकडून मुलाकडे जात असे. म्हणजे जन्मतःच माणसाचें स्थान ठरून गेलेलें असे.

या व्यवस्थेची किंमत लौकरच कळून आली. १९५९ ते १९६१ या दुष्काळांत कोट्यवधि लोक मृत्युमुखीं पडले, आणि त्यांत धान्य पिकविणारे खेडुतच अधिक होते. शहराचा शिधा अपुरा कां होईना चालू राहिला. खेड्यांतून मात्र उगवलेलें धान्यहि उचलून नेलें गेलें.

पुढें बदल घडला तोहि खेड्यांतूनच. आन्हुई प्रांतांतील श्याओगांग या दरिद्री गांवीं १९७८ च्या अखेरीस अठरा शेतकऱ्यांनीं एका कागदावर गुप्तपणें सह्या-अंगठे केले. सामुदायिक जमीन घरोघर वाटून घ्यावी, सरकारचा हिस्सा देऊन उरेल तें स्वतःचें समजावें, आणि यापायीं कोणी तुरुंगांत गेल्यास त्याचीं मुलें अठरा वर्षांचीं होईपर्यंत इतरांनीं सांभाळावीं, असा तो करार होता. पुढच्या हंगामांत पीक कितीतरी पटींनीं वाढलें. त्याच सुमारास डेंग झिआओपिंग यांच्या हातीं सूत्रें आलीं होतीं. त्यांच्या राजवटींत ही रीत दडपली न जातां देशभर पसरली.

शेतींत कमी हात पुरूं लागले, आणि १९८० सालीं शेन्झेन वगैरे चार ठिकाणीं परदेशी भांडवलाला दारें उघडण्यांत आलीं. खेड्यांतले तरुण-तरुणी तिकडे लोटले. त्यांना 'नोंगमिनगोंग', म्हणजे शेतकरी-कामगार, असें जोडनांव मिळालें. त्या नांवांतच त्यांची सारी अवस्था आली आहे. दहा वर्षें कारखान्यांत राबूनहि वहींत तो शेतकरीच राहिला. मुलांना शहरांतील सरकारी शाळेंत प्रवेश मिळणें दुर्घट. मिळालाच तरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा नोंदीच्या प्रांतांतच द्यावयाची. म्हणून आईबाप शहरांत आणि मुलें आजीपाशीं गांवीं, असे संसार दुभंगले. २०१० च्या शिरगणतीवरून अशा मुलांची संख्या सहा कोटींवर काढण्यांत आली. वसंतोत्सवाच्या रजेंत आईबाप वर्षांतून एकदां भेटावयाचे, हाच कित्येकांच्या बालपणाचा नियम झाला.

या अन्यायाकडे सर्वांचें लक्ष वेधलें तें २००३ सालीं. ग्वांगझौ, म्हणजे आपण ज्याला कँटन म्हणत असूं त्या शहरीं, सुन झिगांग नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या पदवीधराला वास्तव्याचा परवाना जवळ नसल्यामुळें अटक झाली, आणि कोठडींत मारहाण होऊन तो मरण पावला. देशभर संताप उसळला. तीन कायदेपंडितांनीं अर्ज केला, आणि परवाना नसणाऱ्यांना पकडून गांवीं धाडण्याची ती पद्धत त्याच वर्षीं रद्द झाली. २००६ पासून शेतकऱ्यावरील शेतसाराहि उठला. २०१४ मध्यें शेतकरी व बिगरशेतकरी हा नोंदींतील भेद काढून टाकण्याचें सरकारनें जाहीर केलें. लहान शहरांचीं दारें बरींचशीं उघडलीं. बीजिंग-शांघायचीं मात्र अरुंदच राहिलीं. २०२० च्या शिरगणतींत शंभरांपैकीं चौसष्ट माणसें शहरांत राहत होतीं, पण शहरी नोंद पंचेचाळिसांचीच होती. मधलीं एकोणीस शहरांत असूनहि शहराचीं नव्हतीं.

याच काळांत राज्यसत्ता घराच्या आंतहि पोंचली. १९८० पासून एका जोडप्यास एकच मूल, असा निर्बंध आला. पहिली मुलगी असल्यास दुसऱ्या अपत्याची मुभा अनेक प्रांतांतील खेडुतांना पुढें मिळाली; तरी मुलग्याचा हव्यास सुटला नाहीं, आणि २०१० च्या सुमारास शंभर मुलींमागें ११८ मुलगे जन्मत होते. २०१६ सालीं दोन व २०२१ सालीं तीन अपत्यांस परवानगी मिळाली. परंतु घरभाडें व शिक्षणखर्च यांनीं गांजलेल्या तरुणांनीं तिचा फारसा लाभ घेतला नाहीं. २०२२ सालीं चीनची लोकसंख्या साडेआठ लाखांनीं घटली. १९६१ नंतर असें प्रथमच झालें. निवृत्तीचें वय टप्प्याटप्प्यानें वाढविण्यास २०२५ पासून प्रारंभ झाला, तो याचाच परिणाम होय.

चाळीस वर्षांत सुमारें ऐंशी कोटी माणसें घोर दारिद्र्यांतून वर आलीं, असें जागतिक बँकेचें अनुमान आहे. ही गोष्ट कोणीहि हलकी लेखूं नये. परंतु हा पराक्रम करणारी पहिली पिढी आतां वार्धक्याला पोंचली आहे. शहरी नोकरदाराच्या निवृत्तिवेतनाशीं तुलना करतां खेडुताच्या हातीं पडणारी रक्कम अत्यंत तुटपुंजी आहे, आणि सांभाळावयास असलेली एकदोन मुलें दूरच्या शहरांत आहेत. वहींतील नोंद आणि अपत्यांचा हिशेब, हे दोन्ही प्रवाह या वृद्धाच्या दारीं येऊन मिळतात. राष्ट्राला श्रम हवेत, पण श्रमणारा माणूस त्याच्या कुटुंबासह नको, हा व्यवहार एक पिढीभर फायद्याचा ठरूं शकतो. त्याचें देणें पुढच्या पिढीला फेडावें लागतें. तें देणें चीन कसें फेडतो, यावरच त्याच्या वैभवाची खरी परीक्षा व्हावयाची आहे.