डाकोटा विमानाची कुळकथा

१९३१ च्या मार्चअखेरीस अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात फोकर जातीचे एक प्रवासी विमान कोसळून नूट रॉक्नी हे नामांकित फुटबॉल-शिक्षक मृत्यू पावले, आणि लाकडी पंखातील सरसाचे सांधे ओलाव्याने सुटत असल्याचा बोभाटा झाल्यावर लाकडी विमानांवरचा उतारूंचा भरवसा पार उडाला. तेव्हा टीडब्ल्यूए या विमानवाहतूक कंपनीने पुढल्या वर्षी संपूर्ण धातूच्या विमानासाठी कारखानदारांकडे जो खलिता धाडला, त्यास डोनाल्ड डग्लस यांनी दिलेला जबाब म्हणजे डीसी-१, त्याची सुधारलेली आवृत्ती डीसी-२, आणि रात्रीच्या उतारूंना आडवे होता यावे असा धोशा अमेरिकन एअरलाइन्सच्या सी. आर. स्मिथ यांनी लावल्यावर १७ डिसेंबर १९३५ रोजी सांता मोनिका येथून उडाले ते १४ शय्यांचे शयनविमान, ज्याचे २१ आसनांचे रूप म्हणजे डीसी-३. महायुद्धात त्याची लष्करी रूपे हजारोंनी निघाली; ब्रिटिशांनी दिलेले डाकोटा हे नाव आपल्याकडेही रुळले. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघून मध्यरात्री नागपुरास थैल्यांची अदलाबदल करणाऱ्या टपालविमानांत त्याचाच राबता असे.

हे विमान आता संगणकावरही उडविता येते; त्या संगणकीय प्रतिरूपाचे घराणे मात्र निराळे आहे. एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातील भाते वापरून जमिनीवरच डोलणारे शिकाऊ विमान घडविले. म्हणजे नाटकमंडळ्यांच्या पायपेटीचे हे चुलतभावंडच म्हणावयाचे! पुढे १९७९ साली ब्रूस आर्टविक यांनी उड्डाण घरगुती संगणकावर आणले, आणि मायक्रोसॉफ्टने उड्डाणशताब्दीनिमित्त २००३ साली काढलेल्या आवृत्तीत डीसी-३ दाखल झाले.

उतारूंच्या निद्रेसाठी जन्मलेल्या या विमानाने वैमानिकास मात्र कधी स्वस्थता दिली नाही. एका खटक्याने जडचक्र फिरवावे, दुसऱ्याने ते यंत्रास भिडवावे, मधल्या मध्ये इंधनाची पिचकारी मारावी, तेव्हा कुठे १४ नळकांड्यांपैकी दोनचार खोकत, धूर ओकत जागी होतात. शेपटीचे चाक भुईवर आणि नाक आभाळाकडे असल्याने समोरची वाट दिसत नाही, म्हणून नागमोडी चालावे लागते. ज्या प्रतिरूपात ही दगदग गाळली आहे, ते कितीही देखणे असले तरी माझ्या मते डाकोटा नव्हे. संगणकावर डाकोटा उडविण्याचा नाद करू इच्छिणाऱ्या वाचकाने पहिली फेरी मुंबईहून नागपूरची, तीही रात्रीचीच करावी. डाकोटाच्या चालीने अडीच तास पुरतात.