रक्त काढणें : उपचार आणि साक्ष

परवां आमच्या घरांतील एका ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना घेऊन सकाळीं रक्ततपासणीसाठीं जाण्याचा प्रसंग आला. आदल्या रात्रीपासून त्यांच्या पोटांत पाण्यावांचून कांहीं गेलें नव्हतें. तेथील तरुणानें त्यांस खुर्चीवर बसविलें, दंडास पट्टा आंवळला आणि म्हटलें, "आजी, मूठ मिटा." सुई टोंचली, दोन लहान नळ्या भरल्या, कापसाचा बोळा दाबून धरण्यास सांगितलें, आणि लगेच पुढच्या माणसाचें नांव पुकारलें. सारें काम दोन-तीन मिनिटांत आटोपलें. आत्याबाई मात्र उठेनात. त्यांनीं विचारलें, "बाळा, एवढेंच? मग यानें अंग हलकें कसें व्हायचें?" तो तरुण हंसला, बांकावर बसलेलीं माणसेंही हंसलीं, आम्हांसही हंसूं आवरलें नाहीं. परंतु घरीं परततांना त्या हंसण्याची आमची आम्हांसच थोडी लाज वाटूं लागली. आत्याबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो केवळ दोनशें वर्षें उशिरां विचारला गेला होता.

रोग्याचें रक्त काढण्याची चाल निदान दोन हजार वर्षांची आहे. पूर्वीं तें काढीत तें रोग बाहेर जावा म्हणून. आज काढतात तें रोगाची बातमी कळावी म्हणून. पूर्वीं तो उपचार होता, आज ती साक्ष आहे. हा पालट कसकसा होत गेला, आणि ज्याच्या हातांतून रक्त जातें त्या माणसाच्या वांट्यास त्यांत काय आलें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम आपल्याकडील शास्त्र पाहूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील आठवा अध्याय सर्वस्वीं शीर विंधण्याच्या विधीवर आहे, आणि शल्यतंत्रांत या एका कर्मास अर्ध्या चिकित्सेचा मान दिलेला आहे. त्या अध्यायांतील कांहीं गोष्टी वाचून आजच्या वाचकास मौज वाटेल. हाताची शीर विंधावयाची असल्यास रोग्यास सुखानें बसवावें, अंगठा आंत घालून मूठ मिटावयास सांगावें, आणि वर बंध बांधावा, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे आत्याबाईंस मिळालेली आज्ञा कांहीं नवी नव्हती! उलट एक गोष्ट अगदीं निराळी आहे. आज आपण उपाशीं पोटीं जातों. सुश्रुताच्या रोग्यास आधीं पातळ अन्न किंवा यवागू, म्हणजे पेज, देत असत. ज्याच्या अंगांतून कांहीं काढून घ्यावयाचें त्यास आधीं कांहीं द्यावें, अशी ती रीत होती.

काढावयाच्या रक्तासही मर्यादा होती. मनुष्य बलवान् व भरवयाचा असला, दोष पुष्कळ असले, तरी एका प्रस्थापलीकडे रक्त काढूं नये. बालक, वृद्ध, क्षीण झालेला, थकलेला, गर्भिणी, अशांची शीर विंधूं नये. आणि या यादींत 'भीरु', म्हणजे भित्र्या मनुष्याचेंही नांव आहे. अशांसाठीं जळू हा सर्वांत सौम्य उपाय त्यांच्यावर अनुग्रह म्हणून सांगितला आहे, आणि जळवांच्या बारा जाती देऊन त्यांतील सहा विषारी व सहा निर्विष असा भेदही केला आहे. पुढें वाग्भटानें तर, रक्त काढतांना रोग्यास मूर्च्छा आल्यास बंध सोडावा, पंख्यानें वारा घालावा, सावध झाल्यावर मगच पुन्हां रक्त काढावें, आणि तरीही मूर्च्छा आली तर तें काम दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसावर टाकावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. या उपचारामागील दोषांची उपपत्ति आजच्या वैद्यकास मान्य नाहीं. पण भिणारा रोगी हा उपहासाचा विषय नसून वेगळ्या वागणुकीचा अधिकारी आहे, ही समजूत त्या ग्रंथांत आहे, आणि तिला कालबाह्य म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

शास्त्राबाहेर, गांवोगांव, हेंच काम तुंबडीनें व फांसण्यांनीं चालत असे. दुखऱ्या जागीं वस्तऱ्याचे बारीक चरे पाडावयाचे, त्यावर तुंबडी लावावयाची आणि आंतील हवा ओढून घेऊन रक्त बाहेर आणावयाचें. त्या तुंबडीची आठवण आपल्या भाषेनें मोठ्या मार्मिकपणें जपली आहे. लोकांस लुबाडून आपली धन करणाऱ्यास आपण 'तुंबड्या भरतो' असें म्हणतों, आणि चिकटून शोषणाऱ्यास 'जळू' म्हणतों. रोग्यांस या उपचारानें उतार पडत असेल वा नसेल. रक्त काढणाऱ्याविषयीं त्यांच्या मनांत काय होतें हें मात्र या शब्दांवरून उघड होतें.

युरोपांतही हाच उपचार गॅलेनच्या काळापासून चालत आला होता. तेथें तो बहुधा न्हाव्यांच्या हातीं असे, आणि पुढें त्यास असा मान मिळाला कीं, १८२३ सालीं लंडनमध्यें थॉमस वाक्ली यानें वैद्यकीय पत्र काढलें तेव्हां त्यास शीर उघडण्याच्या सुरीचें, 'लॅन्सेट' हेंच नांव दिलें. मात्र तेथें मात्रेचा विवेक पुष्कळ वेळां सुटला. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची अखेर याचें ठळक उदाहरण आहे. १४ डिसेंबर १७९९ च्या पहांटे त्याचा घसा एकाएकीं आंवळला. वैद्य येण्यापूर्वींच त्यानें आपल्या शेतीवरील कारभाऱ्यास बोलावून शीर उघडविली. कारभाऱ्याचा हात कांपत होता. वॉशिंग्टननेंच त्यास धीर दिला आणि आणखी रक्त काढण्यास सांगितलें. मार्था वॉशिंग्टन जवळ होती. फार रक्त काढूं नये, अशी विनंती तिनें केल्याची नोंद त्याचा चिटणीस टोबायस लिअर यानें करून ठेवली आहे. पण ती विनंती पुढें टिकली नाहीं. दिवसभरांत चार वेळां मिळून सुमारें ऐंशी औंस, म्हणजे दोन लिटरांहून अधिक रक्त काढलें गेलें असावें असा अंदाज आहे. तिघां वैद्यांपैकीं सर्वांत तरुण असलेल्या एलिशा डिक यानें शेवटच्या वेळीं विरोध केला, तोही व्यर्थ गेला. त्याच रात्रीं वॉशिंग्टनचा अंत झाला. घशाच्या त्या आजारांतून तो अन्यथा वांचता, असें म्हणतां येत नाहीं. पण त्या खोलींत मर्यादेचा शब्द उच्चारला तो प्रथम शास्त्र न शिकलेल्या पत्नीनें, हें विसरतां येत नाहीं.

या समजुतीस पहिला खरा धक्का दिला तो एका हिशेबी मनुष्यानें. पॅरिस येथील वैद्य पिएर लुई यानें न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचीं टिपणें घेऊन, ज्यांचें रक्त आजाराच्या पहिल्या चार दिवसांत काढलें ते, आणि ज्यांचें नंतर काढलें ते, असे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गांतील ४१ पैकीं १८ मेले. दुसऱ्यांतील ३६ पैकीं ९. लवकर रक्त काढलेल्यांपैकीं जे वांचले त्यांचा आजार थोडा कमी दिवस टिकला, हेंही त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें. पण या उपचारास जें सामर्थ्य चिकटविलें होतें तें त्याच्या आंकड्यांत दिसेना. त्याचा ग्रंथ १८३५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८३३ मध्यें, फ्रान्सनें चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणविल्या होत्या! रूढ उपचार एका पुस्तकानें थांबत नाहींत. पण त्या शतकाच्या अखेरीस सुरी बहुतेक बाजूस पडली होती. आज रक्तांत लोह किंवा रक्तपेशी अतोनात वाढणाऱ्या थोड्या विकारांपुरताच हा उपचार उरला आहे.

परंतु सुरी गेली तरी हात मोकळा झाला नाहीं. ज्या शतकांत रक्तानें रोग जातो ही श्रद्धा ढळली, त्याच शतकांत रक्त बोलतें असा शोध लागला. १८५२ सालीं जर्मनींत कार्ल फिअरोर्ट यानें रक्तांतील पेशी मोजण्याची रीत बसविली. १८७८ सालीं इंग्लंडांत विल्यम गॉवर्स यानें रक्ताच्या रंगावरून हिमोग्लोबिन अजमावण्याचें साधन पुढें आणलें. १८९६ मध्यें विडाल यानें विषमज्वराची, आणि १९०६ मध्यें वासरमान यानें उपदंशाची रक्तपरीक्षा दिली. पोकळ सुईची पिचकारी १८५३ पासून वैद्यांच्या हातीं आलेलीच होती. आतां पात्रभर रक्ताची गरज राहिली नाहीं. थेंब किंवा चमचाभर पुरूं लागलें. रोग्याच्या दृष्टीनें हा केवढा तरी लाभ झाला, यांत शंका नाहीं.

तथापि या नव्या रीतीचें आपल्या देशांतील आगमन भीतीच्या छायेंत झालें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. रुग्णालयांत नेलेल्या माणसांस मारून त्यांच्या शरीरापासून 'मोमियाई' नांवाचें औषध काढतात, अशा अफवा त्या वेळीं पसरल्या, आणि ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. अफवा खोट्या होत्या. पण बळजबरीनें घरांतून माणूस उचलून नेणाऱ्यांनीं, त्याचें तेथें काय करतात हें कोणास नीट सांगितलें नाहीं, तर लोकांनीं त्याचा अर्थ आपल्या जुन्या अनुभवावरूनच लावला, यांत नवल तें काय?

दुसऱ्याच वर्षीं सिकंदराबादेस एक निराळा प्रकार घडला. हिंवताप डांसांमार्फत पसरतो काय, हें शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यास असा रोगी हवा होता कीं, जो डांसांस आपलें रक्त पिऊं देईल. हुसेन खान नांवाचा रोगी कबूल झाला. रक्त प्यालेल्या दर डांसामागें एक आणा, याप्रमाणें त्यास आठ आणे मिळाले. १६ ऑगस्ट १८९७ रोजीं चावलेल्या डांसांपैकीं एकाच्या पोटांत २० तारखेस रॉसला हिंवतापाचे जंतु दिसले. १९०२ सालीं रॉस यास नोबेल पारितोषिक मिळालें. हुसेन खानाचें पुढें काय झालें, याची विचारपूस इतिहासानें केली नाहीं. रॉसचा मोठेपणा यानें कमी होत नाहीं, आणि त्यानें रक्ताचा मोबदला दिला हेंही खरें. पण साक्ष देणाऱ्याचें नांव निकालाच्या तळटीपेंत जावें, ही रीत येथून पुढें रूढच झाली.

विसाव्या शतकांत या कामास यंत्राची गति आली. आंतील हवा काढून घेतलेली, आपोआप रक्त ओढणारी कांचेची नळी अमेरिकेंत जोसेफ क्लायनर यानें १९४० नंतरच्या दशकांत तयार केली. १९५७ पासून लिओनार्ड स्केग्ज याच्या रचनेचीं स्वयंचलित परीक्षायंत्रें प्रयोगशाळांत येऊं लागलीं. आज जांभळ्या टोपणाच्या नळींत पेशींची मोजणी होते, करड्या टोपणाच्या नळींत साखरेची. आणि ज्या विकारांची चाहूल पूर्वीं मरणाच्या दारीं लागे, ते वर्षानुवर्षें आधीं ओळखतां येतात. पण यांतच एक अंतर पडलें. रक्त काढणारास रोग माहीत नसतो, रोग वाचणारानें रोगी पाहिलेला नसतो, आणि ज्याचें रक्त त्यास बहुधा दोघेही कांहीं सांगत नाहींत.

नळी लहान म्हणून मात्रेचा प्रश्न मिटला, असेंही नाहीं. अतिदक्षता विभागांत रोज अनेक वेळां रक्त काढावें लागतें, आणि तेवढ्यानेंच रोग्यास पंडुरोग वाढून परक्याचें रक्त चढविण्याची पाळी येऊं शकते. कॅनडांतील २५ अतिदक्षता विभागांत नेहमींच्या नळ्यांऐवजीं लहान नळ्या वापरून पाहिल्या, तेव्हां तपासण्यांस उणेपणा न येतां रक्त चढविण्याचें प्रमाण घटूं शकतें असें दिसलें. हा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. 'एका प्रस्थापलीकडे नको' आणि 'फार काढूं नका' हे दोन जुने शब्द पुन्हां एकदां, या वेळीं आंकड्यांनिशीं, ऐकूं आले.

भीतीचेंही तसेंच. रक्त पाहून मूर्च्छा येणें हा मनाचा दुबळेपणा नव्हे; नाडी व रक्तदाब एकदम खालावल्यामुळें तसें होतें, आणि टॉमस लुइस यानें १९३२ सालीं त्या अवस्थेचें शारीरिक वर्णन केलें आहे. अशा माणसास आडवें निजवून रक्त घ्यावें, आणि हातपायांचे स्नायु ताणून धरण्याची युक्ति आधीं शिकवावी, एवढ्यानें पुष्कळांची मूर्च्छा टळते. पण त्यासाठीं सुई टोंचण्यापूर्वीं 'आपणांस भोंवळ येते काय?' हा एक प्रश्न विचारावा लागतो. त्यास यंत्र लागत नाहीं. अर्धें मिनिट लागतें.

सायंकाळीं आत्याबाईंचा अहवाल आला. आंकड्यांचा तो कागद त्यांनीं चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि आम्हांस विचारलें, "यांत माझें किती रक्त काढलें तें कोठें लिहिलें आहे?" तें कोठेंच लिहिलें नव्हतें. आम्हीं हिशेब करून सांगितलें कीं, दोन्ही नळ्या मिळून चहाचा फार तर दीड चमचा, आणि अंगांत असतें चार लिटरांच्या आसपास. शिवाय तें काढलें तें अंग हलकें व्हावें म्हणून नव्हे, तर साखर व पेशी पाहण्यासाठीं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढेंच ना? मग हें त्या मुलानें तेव्हांच सांगितलें असतें, तर मी सकाळभर घाबरलें नसतें."